दुष्काळी पट्ट्यातून सोव्हिएतोत्तर देशांत

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील कवठे महांकाळ हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे घाटमाथ्यावर पाऊस सांडून रिकामे झालेले ढग जिथे पोचतात अशा पट्ट्यात येतो, आणि तालुक्यातून वाहणारी अग्रणी नदी कृष्णेला मिळत असली तरी तिच्या पात्रात पाणी असण्यापेक्षा वाळू असण्याचे दिवस पिढ्यानपिढ्या अधिक राहिले. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने, म्हणजे कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेकडे नेणाऱ्या योजनेने, अलीकडच्या काळात या भागात द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेड उभी केली. परंतु त्याआधीचा या तालुक्याचा, तसेच शेजारच्या खानापूर, आटपाडी आणि तासगावच्या कोरडवाहू गावांचा सामाजिक इतिहास हा मुख्यतः बाहेर पडण्याचा इतिहास आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर त्यातून निघालेल्या देशांत या जिल्ह्यातील तरुण मुलेमुली शिक्षणासाठी वर्षानुवर्षे जाऊन राहिली, ही घटना या जुन्या इतिहासापासून तोडून पाहिली तर समजत नाही. ती केवळ प्रवेशपरीक्षेतील गुणांची आणि शुल्काची गोष्ट वाटते, आणि प्रत्यक्षात ती तेवढीच नाही.

बाहेर पडण्याच्या या रीतीचे सर्वांत ठळक रूप म्हणजे गलाईचा धंदा. गलाई म्हणजे सोन्याचांदीतील हीण काढून धातू शुद्ध करणे. सोनाराकडे आलेले मोडीचे दागिने, तुकडे आणि दुकानाच्या झाडलोटीत सापडणारी सोनेमिश्रित धूळ, जिला धंद्यात न्यारा म्हणतात, हे सारे गलाईवाल्याकडे येते. तो ते मुशीत, म्हणजे प्रखर उष्णता सोसणाऱ्या भांड्यात, टाकणखार घालून वितळवतो, त्यात बेताने चांदी मिसळतो आणि मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतो, तेव्हा चांदी व तांबे विरघळून जातात आणि शुद्ध सोने तळाशी उरते. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि कवठे महांकाळ या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांनी, ज्यांचा सोनारकामाशी जातिपरंपरेने काही संबंध नव्हता, हे कौशल्य आत्मसात केले आणि केरळपासून पंजाबपर्यंत व गुजरातपासून बंगालपर्यंतच्या सराफ बाजारांत भट्ट्या मांडल्या. चुलता पुतण्याला नेई, पुतण्या मेहुण्याला, आणि परक्या शहरात गेलेला मुलगा आधी कामाला, मग भागीदारीला आणि शेवटी स्वतःच्या दुकानाला लागे. तमिळ, मल्याळम वा बंगाली बोलायला शिकलेल्या या माणसांनी गावाशी धरलेले नाते यात्रेला परतणे, लग्ने गावाकडेच जमवणे आणि वर्षातील बराच काळ कुलूप लावून ठेवावे लागणारे घर गावात बांधणे या तीन गोष्टींत दिसते. दूर जाणे म्हणजे तुटणे नव्हे, आणि आधी गेलेल्या ओळखीच्या माणसाचा शब्द हीच परदेशाची खरी हमी, हे दोन समज या भागाने गलाईकडून घेतले. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी हजारो किलोमीटरवर मुले पाठवताना आईवडिलांच्या मनात हेच दोन समज काम करत होते.

मात्र जिथे ही मुले गेली तो प्रदेश मराठी माणसाला अगदी अनोळखी नव्हता. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलला उतरून जुन्नरपर्यंत आला होता, हा या संबंधाचा सर्वांत जुना ज्ञात दुवा. परंतु सातारा-सांगलीच्या दृष्टीने खरा आरंभ विसाव्या शतकातला आहे. वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेले आणि लहानपणी आईवडिलांसोबत पायी मुंबईला गेलेले अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत संघात गेले आणि त्या दौऱ्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिले. मॉस्को आणि लेनिनग्राडबरोबरच बाकू व ताश्कंद ही शहरेही त्यांनी पाहिली. त्यांपैकी बाकू आज अझरबैजानची आणि ताश्कंद उझबेकिस्तानची राजधानी आहे, आणि त्या अर्थाने नंतरच्या पिढीने ज्यांत वास्तव्य केले त्या देशांचे पहिले ठळक मराठी चित्र कृष्णाकाठच्याच एका लेखकाने रेखाटले, असे म्हणता येते. गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या या लेखकाची नजर स्मारकांपेक्षा माणसांच्या अंगावरील कपड्यांकडे, त्यांच्या कामाकडे आणि चालण्या-बोलण्यातील आत्मविश्वासाकडे जाते, हे त्या पुस्तकाचे मोठेपण आहे. तरीही ते पाहुण्याचे पुस्तक आहे. यजमान राज्याने आखलेल्या मार्गावरून, दुभाष्यासह, काही आठवड्यांत केलेला तो प्रवास होता, आणि रांगेत उभे राहणे, खोलीचे भाडे भरणे किंवा पोलीस ठाण्यात नोंदणी करणे यांसारखे प्रसंग पाहुण्याच्या वाट्याला येत नाहीत.

त्यानंतर पाच वर्षांनी, जानेवारी १९६६ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्धानंतरच्या वाटाघाटींसाठी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यासोबत ताश्कंदला गेलेल्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्यांचा जन्म देवराष्ट्रे येथे झाला होता, जे आज सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात आहे. ११ जानेवारीच्या पहाटे शास्त्रीजींचे तेथेच निधन झाल्याने ताश्कंद हे नाव खेड्यापाड्यांतील रेडिओवरून घरोघरी पोचले. मॉस्कोत छापलेली, जाड कागदाची, रंगीत चित्रांची आणि अतिशय स्वस्त मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या विक्रीव्यवस्थेतून गावोगावच्या वाचनालयांत आणि शाळांत येत राहिली, आणि बर्फ, बर्च वृक्ष, सामोव्हार यांची ओळख दुष्काळी भागातील कितीतरी मुलांना प्रत्यक्ष समुद्र पाहण्याआधीच झाली.

उलट दिशेने झालेल्या एका वास्तव्याचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय हा इतिहास एकतर्फी होतो. १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतांशी स्त्रिया व मुले, इराणमार्गे भारतात येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. कझाकस्तानातील गवताळ प्रदेशात उपासमार सोसलेल्या या माणसांना पंचगंगेच्या खोऱ्यात बाजार, शाळा आणि चर्च उभारता आले. आज कझाकस्तानात शिकणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना हा जुना धागा ठाऊक असतो, ही खेदाची बाब आहे.

वैद्यकीय शिक्षणासाठी हेच देश का निवडले गेले, याचे उत्तर सोव्हिएत व्यवस्थेच्या रचनेत आहे. १९१८ मध्ये पहिले आरोग्य लोककमिसार, म्हणजे मंत्री, झालेल्या निकोलाय सेमाश्को यांनी पाया घातलेल्या पद्धतीत आरोग्यसेवा संपूर्णपणे सरकारी आणि मोफत होती, आणि तिला प्रचंड संख्येने डॉक्टर लागत. १९३० मध्ये विद्यापीठांतील वैद्यक विभाग वेगळे काढून त्यांच्या स्वतंत्र वैद्यकीय संस्था करण्यात आल्या व त्या आरोग्य खात्याकडे सोपवण्यात आल्या; त्यामुळे मध्य आशियातील प्रजासत्ताकांच्या मोठ्या शहरांतही वसतिगृहे, शवविच्छेदन कक्ष आणि संलग्न रुग्णालयांसह अशा संस्था उभ्या राहिल्या. समरकंदची संस्था १९३० ची आहे, तर आजच्या बिश्केकची, म्हणजे तेव्हाच्या फ्रुंझेची, १९३९ ची. १९६० मध्ये मॉस्कोत स्थापन झालेल्या आणि पुढे पात्रिस लुमुंबा यांचे नाव दिलेल्या लोकमैत्री विद्यापीठात आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थी शिष्यवृत्तीवर घेतले जात, परंतु तो मार्ग निवडक होता. १९९१ नंतर सरकारी अनुदान आटले, पगारांची किंमत घसरली, आणि इमारती, प्राध्यापक व परंपरा असलेल्या या संस्थांनी अकादमी किंवा विद्यापीठ असे नवे नाव घेऊन शुल्क भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडले. त्याच सुमारास महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील जागा अपुऱ्या आणि खासगी महाविद्यालयांतील शुल्क मध्यम शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे झाले होते. दोन्हीकडच्या टंचाईतून जुळलेला हा व्यवहार होता, आणि त्याला दानशूरपणा किंवा फसवणूक यांपैकी कोणतेही एकच नाव देणे अन्यायाचे ठरेल.

कवठे महांकाळच्या बाजूने पाहता डॉक्टर या व्यवसायाला असलेली प्रतिष्ठाही ध्यानात घ्यावी लागते. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेले रुग्णालय आणि १९६२ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचे व उत्तर कर्नाटकाचे वैद्यकीय केंद्र बनले. दुष्काळी पट्ट्यातील रुग्ण पूर्वी बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गावरून मिरजेला जात. परदेशातून आलेला डॉक्टर एका लहानशा गावाचा चेहरामोहरा बदलू शकतो, हे या भागाने वॉनलेस यांच्या रूपाने पाहिलेले होते. आपल्या मुलाने किंवा मुलीने परदेशात जाऊन डॉक्टर होऊन परतावे, ही इच्छा म्हणून येथे हवेतून आलेली नाही. शेत गहाण ठेवून, द्राक्षाच्या एका चांगल्या हंगामाच्या भरवशावर किंवा गलाईतील चुलत्याच्या मदतीने तिला पैसा पुरवला गेला.

तेथे पोचलेल्या विद्यार्थ्याचा पहिला परिचय होतो तो वसतिगृहाशी, ज्याला रशियन भाषेत ओबश्चेझितिये म्हणतात. या इमारती बहुधा सोव्हिएत काळातल्याच असतात: लांब मार्गिका, मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर, दारात बसलेली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवणारी वयस्क स्त्री, आणि सर्वांवर कोमेंदांत नावाचा अधिकारी. खोल्या गरम ठेवण्याचे काम प्रत्येक घर स्वतः करत नाही. शहराच्या मध्यवर्ती केंद्रात तापवलेले पाणी नळांवाटे भिंतीलगतच्या लोखंडी रेडिएटरांत खेळवले जाते, आणि ही ऊब शरद ऋतूत नेमकी कधी सुरू व्हायची ते नगरपालिका ठरवते. उन्हाळ्यात चाळीस अंशांची सवय असलेल्या मुलांना उणे पंधरा अंशांच्या थंडीपेक्षा, ऊब सुरू होण्याआधीचे ते दोन-तीन ओलसर आठवडेच अधिक जड जातात. बहुतेक ठिकाणी भारतीय स्वयंपाक्यांची खाणावळ असते. तरी कांदा-लसूण चटणीचा डबा सामानात नसलेला सांगलीचा विद्यार्थी विरळाच. बाहेर मिळणारे पदार्थ देशागणिक बदलतात: युक्रेनमध्ये बीटाचे बोर्श्च, किर्गिझस्तानात मांसाचा पुलाव आणि हाताने ओढलेल्या शेवयांचा लगमान, आणि राय धान्याचा काळसर पाव.

शिकवण्याची रीत हा या वास्तव्याचा सर्वांत खोल अनुभव होय, आणि त्याबद्दल इकडे फार कमी समजून घेतले जाते. वर्षाखेरीच्या एका मोठ्या लेखी परीक्षेभोवती फिरणाऱ्या भारतीय पद्धतीत वाढलेल्या विद्यार्थ्याला तेथे रोजच्या रोज, दहा-बारा जणांच्या लहान गटात, शिक्षकासमोर तोंडी उत्तर द्यावे लागते. बुडालेला प्रत्येक तास नंतर भरून काढावा लागतो, आणि त्या भरपाईला ओत्राबोत्का म्हणतात. सत्राअखेर झाचोत नावाची पात्रता मिळवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आणि परीक्षेत टेबलावर पालथ्या मांडलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलून तिच्यावरील प्रश्नांची उत्तरे प्राध्यापकांना समोरासमोर द्यायची असतात. गुण पाचपैकी, त्यांत दोन म्हणजे अनुत्तीर्ण. पाठांतरावर विसंबणाऱ्याला ही पद्धत निर्दय वाटते, परंतु बोलण्याचे धैर्य तिच्यामुळेच अनेकांना येते. तिची उणीव वेगळ्या जागी आहे. पहिल्या दोन वर्षांतील शरीररचना किंवा शरीरक्रिया इंग्रजीतून शिकवणे शक्य असते, जरी शिकवणाऱ्यांचे स्वतःचे शिक्षण रशियनमधून झालेले असले तरी. तिसऱ्या वर्षापासून मात्र रुग्णाच्या खाटेशी उभे राहावे लागते, आणि रुग्ण रशियन, किर्गिझ किंवा युक्रेनियन बोलतो. ज्या विद्यार्थ्याने भाषा मनापासून शिकली त्याला रुग्णालयाचे दार उघडते, आणि ज्याने ती केवळ उत्तीर्ण होण्यापुरती शिकली तो खाटेच्या पायथ्याशी मुका उभा राहतो. गलाईच्या मुलांनी बाजाराची भाषा पोटासाठी शिकली. येथे भाषेवाचून पोट अडत नव्हते, म्हणून ती राहून गेली, आणि तिची किंमत पदवीनंतर मोजावी लागली.

मुलींच्या दृष्टीने या वास्तव्याचा एक परिणाम विशेष नोंदवण्याजोगा आहे. सोव्हिएत संघात १९७० च्या दशकात सुमारे ७० टक्के डॉक्टर स्त्रिया होत्या, आणि तो वारसा आजही तेथील रुग्णालयांत व वर्गांत दिसतो: विभागप्रमुख स्त्री, शल्यचिकित्सक स्त्री, रात्रपाळीला एकटी ट्रामने जाणारीही स्त्रीच. ज्या तालुक्यात दुष्काळात शिक्षण थांबवण्याची पहिली पाळी मुलीवर येत असे, तेथून गेलेल्या मुलीने सहा वर्षे अशा स्त्रियांच्या हाताखाली शिकणे याचे मोल पदवीच्या कागदापेक्षा कमी नाही.

किर्गिझस्तानाबाबत या तालुक्याशी एक साम्यही दिसते. कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीचा बिरोबा हे धनगर समाजाचे मोठे दैवत आहे, आणि लोकर थापून केलेली जेन व विणलेले घोंगडे ही मेंढपाळांची जुनी वस्त्रे होत. किर्गिझ लोकही मूळचे भटके मेंढपाळ. त्यांचे नमदे, म्हणजे लोकर थापून केलेले रंगीत गालिचे, ज्यांना आला-कियीझ आणि शिरदाक म्हणतात, २०१२ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपावयाच्या वारशाच्या यादीत नोंदले गेले. उन्हाळ्यात कळप वर डोंगरात नेण्याची त्यांची रीत आणि पावसाच्या मागे वाट धरणाऱ्या धनगरांची रीत यांचा तुलनात्मक अभ्यास व्हायला हवा, आणि तो करण्यास तेथे राहून आलेल्या मेंढपाळ घरातील मुलांइतके योग्य कोणी नाही.

या वास्तव्यावर राजकीय उलथापालथीचे सावट नेहमीच राहिले. जून २०१० मध्ये दक्षिण किर्गिझस्तानातील ओश शहरात वांशिक दंगली झाल्या तेव्हा तेथील भारतीय विद्यार्थ्यांना विमानाने बिश्केकला हलवावे लागले. २०१४ मध्ये क्रिमिया रशियाने जोडून घेतल्यावर सिम्फेरोपोलच्या वैद्यकीय विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा देशच अभ्यासक्रमाच्या मध्यावर बदलला. परंतु २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणाने जे घडले त्याला तोड नाही. पश्चिमेकडील तेर्नोपिल, चेर्निव्त्सी या शहरांतील विद्यार्थी रुमानिया व पोलंडच्या सीमांकडे कडाक्याच्या थंडीत चालत गेले, खार्किव्हमध्ये १ मार्च रोजी कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी गोळाबारात मारला गेला, आणि रशियन सीमेजवळच्या सुमी शहरात अडकलेल्यांची सुटका ८ मार्चला झाली. ऑपरेशन गंगा या भारत सरकारच्या सुटका मोहिमेसह एकूण सुमारे साडेबावीस हजार भारतीय परतले, आणि त्यांत सांगली जिल्ह्यातील विद्यार्थीही होते. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांपैकी अनेक जण जॉर्जिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान अशा देशांत गेले, म्हणजे एका सोव्हिएतोत्तर देशातून दुसऱ्यात. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले तेव्हा भारतीय विद्यार्थ्यांना खोलीबाहेर न पडण्याची सूचना द्यावी लागली.

परतल्यानंतरची परीक्षाही सोपी नव्हती. २००२ पासून परदेशी पदवीधरांना भारतात व्यवसाय करण्यापूर्वी एक चाळणी परीक्षा द्यावी लागते; तीत ३०० पैकी १५० गुण आवश्यक असतात आणि बहुतेक सत्रांत चारांतील एकाच्या आसपासच उमेदवार उत्तीर्ण होतात. २०२१ च्या नियमांनी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष उमेदवारी, सक्तीची केली. या आकड्यांवरून त्या विद्यापीठांना सरसकट निकृष्ट ठरवण्याची घाई इकडे होते. परंतु प्रवेशासाठी कोणतीही गुणवत्ता न पाहता मुले पाठवणारे मध्यस्थ, भाषेकडे झालेले दुर्लक्ष आणि दोन देशांच्या शिक्षणक्रमांतील मूलभूत अंतर यांचा वाटा त्या अपयशात मोठा आहे.

नोकरीच्या निमित्ताने झालेले वास्तव्य यापेक्षा लहान, पण दुर्लक्षणीय नाही. कझाकस्तानातील तेमिरताऊचा पोलाद कारखाना १९९५ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीकडे गेला आणि २०२३ च्या अखेरीस तिच्या हातून सुटला. मधल्या काळात भारतीय अभियंते व व्यवस्थापक तेथे राहिले. रशियाच्या सखालिन बेटावरील तेलक्षेत्रात भारताच्या सरकारी कंपनीने २००१ पासून भाग घेतला. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी तर ताश्कंदपासून कीवपर्यंत पसरले.

या सर्व वास्तव्याचे मराठीतील लिखित दर्शन मात्र आजही मुख्यतः पाहुण्यांच्याच नजरेतून घडते. काही आठवड्यांच्या दौऱ्यावर उत्तम पुस्तक लिहिले गेले, आणि सहा-सहा वर्षे त्याच भूमीत शिकलेल्या, आजारी पडलेल्या, मैत्री केलेल्या, युद्धातून पायी बाहेर पडलेल्या पिढीचे अनुभव मोबाइलमधील छायाचित्रांत आणि घरातल्या बोलण्यात विरून चालले आहेत. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतील परदेशी वाङ्मयाच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्याच जिल्ह्यातील मुलांची सोव्हिएतोत्तर नोंद जमवण्याचे काम त्याहून निकडीचे आहे. कवठे महांकाळ, जत, आटपाडी येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी परतलेल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, त्यांची गुणपुस्तके, पत्रे, वसतिगृहाचे परवाने आणि सीमेवर काढलेली छायाचित्रे जपून ठेवावीत, आणि ज्यांनी ते देश राहून पाहिले त्यांनी स्वतः लिहावे. आठवणी ताज्या आहेत तोवरच हे शक्य आहे.